देवीदासभाऊंचं चौथं आत्मदहन

प्रेमलाच्या नवऱ्यानं चौथ्यांदा स्वतःला जाळून घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा ती नववीच्या वह्या तपासत बसली होती.

"सोमवारची सुट्टी टाक," देवीदास म्हणाला. बनियनवर पलंगावर आडवा होऊन, पोटावर ताटली ठेवून तो चिवडा खात होता. "आत्मदहन आहे."

"कुठं?"

"दुर्गले. कलेक्टोरेटच्या गेटवर. अन् या खेपेला तू पायजे संगं. मागच्या खेपेले लोकं म्हणे, भाऊ जळून राहिले अन् घरचं कोणीच नाही आलं. बरं नाही दिसत ते. थोडंसं रडजो."

प्रेमलानं लाल पेनानं एका ओळीवर काट मारली. आतल्या खोलीतून ऐश्वर्या, त्यांची कॉलेजातली मुलगी, केस विंचरत बाहेर आली. "पापा फिर से जल रहे हैं क्या?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता स्कूटीची चावी घेऊन निघून गेली.

देवीदासचे वडील भंडाऱ्याहून येऊन भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क म्हणून लागले आणि क्लार्क म्हणूनच रिटायर झाले. मुलानं प्लांटची परीक्षा कधी दिली नाही, कारण परीक्षा घेणारे त्याच्या तोलाचे नव्हते. त्यानं विमा विकला, प्लॉट दाखवले, एका भावी आमदाराच्या गाडीमागं मोटरसायकल पळवली. आमदार भावीच राहिला, तेव्हा देवीदासनं स्वतः पुढारी व्हायचं ठरवलं. सुपेल्याच्या चौकात त्याचा हात जोडलेला फोटो लागला. फोटोखाली लिहिलं होतं, समाजसेवक. समाजानं त्याच्याकडून नेमकी कोणती सेवा घेतली, हे प्रेमलाला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घर तिच्या शाळेवर चालत होतं. ती एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची.

पहिलं आत्मदहन एका गल्लीतल्या नळासाठी होतं. "तुमच्या लॅबमधी मातीतेल रायते ना?" असं देवीदासनं तेव्हा विचारलं. लॅबमध्ये रॉकेल होतं. सोडियमचे तुकडे मातीतेलातच बुडवून ठेवावे लागतात, नाहीतर पाण्याचा थेंब लागला तरी भडकतात. ती रडली, त्याचे पाय धरले, मुलीची शपथ घातली. देवीदासनं ते सगळं मोठ्या समाधानानं पाहून घेतलं. पूर्ण पाहून झाल्यावर म्हणाला, "अवं, पागल झाली का? कॅनमधी पाणी भर. तेल निस्तं वरून पुसून दे, वास याले."

तिला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आत येऊन बसलं, ते पुन्हा उठलं नाही.

वरून पुसायचं तेलसुद्धा तो हातात घ्यायचा नाही. "मले त्याची ॲलर्जी आहे," म्हणायचा. मग प्रेमलाच लॅबमधून छोट्या बाटलीत थोडं तेल आणायची, फडक्यावर घ्यायची आणि पांढरा कॅन बाहेरून पुसून काढायची. रेशनच्या मातीतेलाला ओळखू यावं म्हणून निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे पाण्यात दोन थेंब नीळ टाकायची. पहिल्या वेळी नीळ जास्त झाली आणि कॅनमध्ये होळीचा रंग कालवल्यासारखं दिसायला लागलं. देवीदासला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं तेच नेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हवालदारांनी देवीदासला धरलं होतं, त्याच्या अंगावर बादली ओतली होती, पायाखाली मोठं डबकं झालं होतं. मातीतेल पाण्यात मिसळत नाही. पाण्यापेक्षा हलकं असतं, वर तरंगतं, उन्हात त्याच्यावर रंगीत तवंग दिसतो. फोटोतलं डबकं मात्र सगळीकडून सारखं फिकट निळं होतं, धुणं धुतल्यावर मोरीत असतं तसं. तो फोटो सगळ्या भिलाईनं पाहिला. प्लांटमधल्या इंजिनीअरांनी पाहिला, शाळेच्या प्रिन्सिपॉलनं पाहिला, शेजारच्या धनंजय साहेबांनी पाहून "भाऊंनी जीव धोक्यात घातला" म्हणून फोन केला. डबक्याकडं कुणीच पाहिलं नव्हतं. त्यानंतर प्रेमलाचा तिटकारा एकट्या नवऱ्यापुरता उरला नाही. बाजारातून चालताना तिला वाटायचं, या माणसांना निळीचं पाणी तेल म्हणून दाखवलं तर ती टाळ्या वाजवतात. देवीदास काही चुकीचा धंदा करत नाही.

चौथ्या खेपेचं कारण खरं होतं. सुपेल्याच्या बाजारामागं केवलराम नावाच्या व्यापाऱ्याचा रिकामा प्लॉट होता. त्यावर काही ठेलेवाले वर्षानुवर्षं भाड्यानं बसत होते. केवलरामला तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं आणि त्यानं सगळ्यांना उठायला सांगितलं होतं. ठेलेवाल्यांना कुठंतरी पर्यायी जागा हवी होती. ते देवीदासकडे आले, आणि देवीदासला कित्येक महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता.

शनिवारी प्रेमलानं वर्गात पहिलाच धडा घेतला. एप्रिल होता, नवं सत्र नुकतंच सुरू झालं होतं, पंखा गरम हवा ढवळत होता. तिनं फळ्यावर लिहिलं की ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य. मग एकेक नाव घेत गेली. वीट? द्रव्य. धूर? द्रव्य. सावली? दोघं जण द्रव्य म्हणाले, त्यांच्याकडे तिनं असं पाहिलं की ते खाली बसले. वास?

"वास नाही, मॅडम," पुढच्या बाकावरची खुशबू म्हणाली. "दिखता नहीं, वजन भी नहीं. वो तो बस फील होता है."

प्रेमलानं टेबलावरच्या छोट्या बाटलीचं झाकण काढलं. तीच बाटली होती, सोमवारसाठी भरलेली. "वास आला की हात वर करा," ती म्हणाली. आधी खुशबूचा हात वर गेला, मग दुसरा बाक, मग मधले. शेवटच्या बाकावर पियूष नावाचा मुलगा डुलक्या घेत होता, त्यानंही नाक मुरडत हात वर केला.

"हातानं कुणी काही वाटलं का तुम्हाला?" तिनं विचारलं. "नाही. बाटलीतून मातीतेलाचे कण निघाले, हवेत पसरले आणि तुमच्या नाकात जाऊन बसले. वास म्हणजे तेलच आहे, फक्त फार थोडं. म्हणून तेल उघडं ठेवलं की कमी होतं. आणि पेटतं तेव्हा पातळ तेल पेटत नाही, ही वर आलेली वाफ पेटते. थंडीत वाफ कमी होते. आजच्यासारख्या उन्हात पारा चाळिशीवर गेला की तेच तेल भलतं भडकू असतं."

"मॅडम, भाषण द्रव्य आहे का?" मागून कुणीतरी विचारलं. वर्ग हसला. सगळ्यांना तिचा नवरा कोण ते ठाऊक होतं.

"नाही," प्रेमला म्हणाली. "त्याला वस्तुमान नसतं. जागा मात्र खूप खातं. खाली बसा."

सोमवारी सकाळी दहा वाजताच ऊन डोळ्यांत टोचत होतं. दोन मॅजिक, म्हणजे छोट्या टेम्पो गाड्या ठरवल्या होत्या. पहिल्या गाडीत देवीदास, त्याचे हार आणि लाऊडस्पीकर. दुसऱ्या गाडीत बायका दाटीवाटीनं बसल्या, त्यात प्रेमला. देवीदासनं तिला पांढरी साडी नेसायला सांगितलं होतं. ती हिरवी नेसून आली होती.

गाडी रस्त्याला लागली आणि तिला वास आला. आधी तिला वाटलं, आपल्याच हातांचा असेल, सकाळी कॅन पुसल्याचा. तिनं हात नाकाशी नेले. साबणाचा वास होता. कॅन तर पुढच्या गाडीत होता. आणि हा वास फडक्याचा नव्हताच. घसा धरणारा, भरलेल्या भांड्याचा वास होता.

तिच्यासमोर चंपाबाई बसली होती. पन्नाशीची, रेल्वेतल्या गँगमनची विधवा. केवलरामच्या प्लॉटवर तिचा पोह्यांचा ठेला होता आणि ती अजूनही पंपाच्या स्टोव्हवर भजे तळायची. तिच्या मांडीवर कापडी थैली होती. थैली तिनं दोन्ही हातांनी धरली होती, आणि खालच्या कोपऱ्यावर ओला निळसर डाग पसरला होता.

"चंपाबाई," प्रेमलानं हळूच विचारलं, "थैलीत काय आहे?"

"मातीतेल हाय," चंपाबाई म्हणाली. तिनं लपवलं नाही. "रेशनचं वाचवून ठेवलं होतं. स्टोसाठी."

"आज कशाला आणलं?"

"भाऊ एकटे जळतीन का, बाई? त्यायचा काय संबंध हाय आमच्या ठेल्याशी? ना नात्याचे, ना गोत्याचे. आमच्यासाठी तो माणूस जीव द्याले निंघाला, अन् मी काय बाजूले उभी राहून पाहू? त्यायनं माचिस लावली, तं मीबी लावतो. माह्या मागं रडणारं कोणी नाही. पोरगी तिच्या घरी सुखी हाय."

ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली की शेजारच्या बायकांनीही वळून पाहिलं नाही.  प्रेमला पुढं वाकली आणि चंपाबाईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "त्यांच्या कॅनमध्ये तेल नाही. पाणी आहे. ते जळत नाहीत. कधीच जळत नाहीत."

चंपाबाईनं मान मागं घेतली. तिनं आधी प्रेमलाच्या चेहऱ्याकडे, मग हिरव्या साडीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तुमचा माणूस मराले चालला अन् तुमी त्याचं वंगाळ बोलून राहिल्या? शिकल्यासवरल्या बाईनं असं बोलाव? माह्या नवऱ्याले मी दारू पेला तरी लोकात नावं नाही ठेवली." आणि तिनं थैली घट्ट धरून तोंड खिडकीकडं फिरवलं.  तिच्या बसण्यात इतका तिरस्कार होता की प्रेमलालाच अंग चोरून बसावं लागलं.

दुर्गला गेटसमोर मंडप नव्हता, पण कॅमेरे होते. चार मोबाईल आणि एक खरा कॅमेरा, तो प्रशांत नावाच्या यूट्यूबवाल्या पोराचा. गेटपाशी पोलीस उभे होते. त्यातला एक जाड हवालदार हातावर ओलं ब्लँकेट टाकून भिंतीच्या सावलीत टेकला होता. देवीदास दिसताच त्यानं घड्याळ पाहिलं.

"भैया, कितने बजे जलोगे?" त्यानं विचारलं. "एक बजे हमारा खाना आता है."

"बारह तक हो जाएगा," देवीदास म्हणाला.

प्रेमलानं त्याला बाहीला धरून बाजूला घेतलं. "चंपाबाईच्या थैलीत खरं मातीतेल आहे," ती म्हणाली. "तुम्ही माचिस काढली की ती अंगावर ओतणार आहे. आत्ता जा आणि तिच्याकडून काढून घ्या. तुमचं ऐकेल ती."

देवीदासनं वळून बायकांच्या गाडीकडं पाहिलं. प्रेमलाला वाटलं, घाबरला असेल. पण तो विचार करत होता, आणि त्याचा विचार चेहऱ्यावर उमटत गेला तसा तो खूश होत गेला.

"असली आहे?"

"असली."

"मंग राहू दे ना. वास तं येईन खरा. मागच्या खेपेले एक रिपोर्टर म्हणे, भाऊ, वासच नाही आला. अन् ती काही करत नाही, बायका बोलतेत निस्त्या. झालंच काही तं पोलीस आहेतच. ब्लँकेट आहे." मग त्यानं आवाज खाली आणला. "विधवा बाई आहे, प्रेमला. टीव्हीवर चालते."

लग्नाच्या वीस वर्षांत त्याच्याकडून तिनं पुष्कळ मूर्खपणा ऐकला होता. मूर्खपणाची तिला सवय होती, तो घरात कपाटासारखा एका जागी उभा असायचा. हे मूर्खपणाचं नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मिशीत अडकलेला सकाळच्या पोह्यातला कोथिंबिरीचा कण पाहिला, आणि तिला त्याची किळस आली. तिनं बाही सोडली.

"भाभी, थोड़ा इधर देख के रोइए," प्रशांत तिला म्हणाला. तिनं त्याच्याकडंही तसंच पाहिलं. त्यानं कॅमेरा दुसरीकडे वळवला.

देवीदास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढला. गरिबांच्या पोटावर पाय, रक्ताचा शेवटचा थेंब, इतिहास माफ करणार नाही, असं तो हिंदीत बराच वेळ बोलला. मग त्यानं कॅन उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि वाकडा केला. पाणी त्याच्या टकलावरून, कपाळावरून, हारांवरून खाली आलं. उन्हात त्याला बरं वाटत असावं, त्यानं डोळे मिटले. मग उरलेला कॅन खुर्चीच्या पायाशी ठेवून त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली माचिस काढली. पाण्यानं भिजू नये म्हणून ती पिशवी होती.

हवालदार ब्लँकेट सावरत भिंतीपासून निघाला. त्याला घाई नव्हती.

तेवढ्यात चंपाबाई पुढं आली. तिनं थैलीतून जुना कॅन काढला, झाकण फिरवलं आणि वास गेटभर पसरला. पुढच्या रांगेतली माणसं आपोआप दोन पावलं मागं सरकली. खऱ्या तेलाचं कुणाला सांगावं लागत नाही. देवीदासनं डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि हातातली माचिस त्यानं अशी दूर फेकली जणू तीच पेटली होती.

"माचिस दूर करा! कोई माचिस मत जलाओ!" तो ओरडला, खुर्चीवरून उतरला आणि कॅमेऱ्याच्या मागं जाऊन उभा राहिला.

प्रेमलानं चंपाबाईचं मनगट पकडलं. ओढाताणीत कॅन हिंदकळला आणि तेल दोघींच्या साड्यांवर, पायांवर, तापलेल्या डांबरावर सांडलं. चंपाबाईचा हात रोज कढई उचलणारा होता, तो प्रेमलाला सुटत चालला.

"सोडा मले! भाऊयनं सुरुवात केली, आता मागं हटतो का मी? भाऊ, कुठी गेले तुमी? भाऊ!"

ती गर्दीत त्याला शोधत होती. सोबत मरायला. प्रेमलाच्या लक्षात आलं की हात धरून हे थांबणार नाही. या बाईला अजून तो माणूस खरा वाटतो आहे, तोवर ती उद्या येईल, परवा येईल.

तिनं मनगट सोडलं, वाकून खुर्चीच्या पायाशी असलेला देवीदासचा कॅन उचलला, तोंडाला लावला आणि पीत सुटली.

बायका किंचाळल्या. हवालदार धावला. प्रेमला थांबली नाही. निळीचं पाणी कोमट आणि घाण लागत होतं, हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं. कॅन रिकामा झाल्यावर तिनं तो उलटा करून दाखवला, पदरानं तोंड पुसलं आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाली, "पाणी आहे. नीळ घातलेलं. मीच भरलं होतं सकाळी."

तिचे ओठ आणि दात निळे झाले होते. प्रशांतचा कॅमेरा पूर्ण वेळ चालू होता.

 मग मागं कुणीतरी हसलं आणि हसणं पुढं सरकत आलं. जाड हवालदारानं ब्लँकेट खाली टाकलं आणि तोही पोट धरून हसायला लागला. देवीदास प्रशांतच्या मागून बाहेर आला, कारण प्रशांत बाजूला सरकला होता. त्याच्या टकलावर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

चंपाबाईनं आपल्या कॅनचं झाकण शांतपणे, पक्कं लावलं. ती देवीदासजवळ गेली, त्याच्या ओल्या शर्टाची बाही चिमटीत धरून नाकाशी नेली आणि सोडून दिली.

"भाऊ, पाणी व्हय हे?"

"ते प्रतीक असते, चंपाबाई," देवीदास म्हणाला. "आंदोलनात असं प्रतीकात्मक करा लागते. तुमाले नाही समजणार."

"मी कॅन उघडला तवा तुमी कुठी गेलते?"

"मी... पोलिसायले बोलवाले."

"पोलीस तं समोर होते."

 चंपाबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला परवडलं असतं.

"अर्धं तेल सांडलं माह्यं," ती म्हणाली. "उद्या भजे कायच्यावर तळू?" आणि ती त्याच्यासमोरच थुंकली. त्याच्या अंगावर नाही. बाजूला, जसं रस्त्यात काही घाण दिसली की माणूस थुंकतो, तसं.

पुढचं काम मग लवकर झालं, कारण तेलानं भिजलेली बाई गेटवर ठेवायची पोलिसांना भीती वाटत होती. त्यांनी चंपाबाईला आणि ठेलेवाल्यांना आत नेलं, पायांवर पाणी ओतलं, एका अधिकाऱ्यासमोर बसवलं. देवीदास आत जायला निघाला तेव्हा चंपाबाईनं दारातूनच सांगितलं, "हे आमच्यातले नाहीत." अधिकाऱ्यानं त्यांचं ऐकलं. केवलरामला बोलावणं गेलं, ठेल्यांना पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली आणि त्यानंतर नाल्यापलीकडं एक ओबडधोबड जागा. फार मोठं काही मिळालं नाही. पण देवीदासच्या आधीच्या तीन आत्मदहनांत एवढंही कुणाला मिळालं नव्हतं.

प्रेमला तेलाचा वास घेऊनच सिटी बसनं घरी आली. शेजारी कुणी बसलं नाही. ऐश्वर्यानं व्हिडिओ आधीच पाहिला होता. तिनं आईला दारातच मिठी मारली, मग नाक दाबलं आणि बाथरूममध्ये ढकललं.

पंधरा दिवस देवीदास चौकात गेला नाही. पोरं त्याला पाणीवाले भैया म्हणायला लागली होती. घरात तो प्रेमलाशी बोलायचा नाही, पण जेवायला बरोबर वेळेवर बसायचा, आणि ताट सरकवताना असा चेहरा करायचा की जेवून उपकार करतो आहे. मग त्यानं प्रशांतला मुलाखत दिली. त्यात तो म्हणाला की खरं मातीतेल वापरणं म्हणजे हिंसा, आपण अहिंसेचे पुजारी, आणि आपल्या पत्नीची तब्येत अलीकडे बरी नसते. प्रेमलानं ती मुलाखत स्टाफरूममध्ये सगळ्यांसोबत पाहिली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. महिन्याभरात त्या भावी आमदाराच्या पार्टीनं त्याला वॉर्डाचा उपाध्यक्ष केला, कारण आता त्याचं नाव खरोखरच सगळ्यांना माहीत झालं होतं. चौकात नवा फोटो लागला, आधीच्यापेक्षा मोठा. हात तसेच जोडलेले.

"पावसाळ्यानंतर उपोषणाले बसतो," त्यानं एका संध्याकाळी जाहीर केलं. "आमरण." अबोला सोडून तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. "रात्री तू निस्तं ग्लुकोजचं पाणी..."

"नाही," प्रेमला म्हणाली.

"कावून?"

"कारण मी तुम्हाला ओळखते," ती म्हणाली आणि पंखा वाढवून झोपायच्या खोलीत गेली. दार तिनं आतून लावून घेतलं. त्या दिवसापासून देवीदास बाहेरच्या पलंगावर झोपायला लागला. त्यानं त्याबद्दल काही विचारलं नाही, आणि न विचारण्यातला भित्रेपणा तिनं नेमका ओळखला.

पाऊस सुरू झाल्यावर ठेले उठले. चंपाबाई नाल्यापलीकडं गेली नाही. तिचा भाऊ कुम्हारीत राहायचा, तिनं तिथं हायवेवर बस थांबते तिथं ठेला लावला. प्रेमलाला हे एका भाजीवालीकडून कळलं. एका रविवारी ती बसनं कुम्हारीला गेली. आपण नक्की कशाला आलो, हे तिला उतरल्यावरही सांगता आलं नसतं. कदाचित तिला आभार ऐकायचे होते.

ठेल्यावर रायपूरला जाणाऱ्यांची गर्दी होती. चंपाबाईनं तिला ओळखलं, पण आधी आलेल्या सगळ्यांना दिलं आणि मग एका स्टीलच्या ताटलीत पोहे वाढून तिच्यासमोर ठेवले. वर शेव टाकली नाही. प्रेमला उभ्यानंच खायला लागली.

"बरं चाललं आहे का?" तिनं विचारलं.

"चालते," चंपाबाई म्हणाली. तिनं कढईत भजे सोडले. थोडा वेळ तेल तडतडत राहिलं. मग तिनं मान वर न करता विचारलं, "बाई, एक सांगा. पयल्या खेपेपासून तुमीच भरत होत्या न पाणी?"

"हो."

"अन् कॅनले वास याले तेलबी तुमीच लावत होत्या?"

"हो."

"दरखेपेले?"

"हो."

चंपाबाईनं झाऱ्यानं भजे उलटले. "मंग तुमाले समदं माहीत होतं," ती म्हणाली. "भाऊले तं अक्कल नाही. तुमी तं मास्तरीण हा."

 प्रेमलाला बरंच काही सांगता आलं असतं. पहिल्या आत्मदहनाआधीचं ते रडणं, पाय धरणं, शपथा. यातलं एकही वाक्य त्या कढईसमोर उच्चारावंसं तिला वाटलं नाही. 

बस आली, गिऱ्हाईकं धावली, चंपाबाई कागदात भजे बांधून हातात द्यायला लागली. ती पुन्हा प्रेमलाकडे वळली नाही. प्रेमलानं पोहे संपवले. ठेल्यामागं बादलीत उष्ट्या ताटल्या पडल्या होत्या. ती उकिडवी बसली, आपली ताटली तिनं राखेनं घासली, स्वच्छ पाण्यातून काढली, आणि हात तिथंच आहे तर म्हणून बादलीतल्या इतर ताटल्याही घासायला घेतल्या. चंपाबाईनं एकदा मागं वळून पाहिलं. नको म्हणाली नाही.